चांदूरमधला 'ऊर'

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

अमरावतीच्या एस.टी. स्टँडवर नुसते 'चांदूर' म्हणून चौकशी केली, तर उलट प्रश्न ठरलेला असतो : 'कोनतं चांदूर? रेल्वे का बाजार?' दोन्ही चांदूर एकाच जिल्ह्यातली. एक अमरावतीच्या आग्नेयेला, दुसरे सरळ उत्तरेला. त्यामुळे चुकीच्या गाडीत बसलेल्या माणसाचा दिवस वाया गेलाच म्हणून समजा. शिवाय बुलडाणा जिल्ह्यात चांदूर बिस्वा आहे, इचलकरंजीजवळ एक चांदूर आहे आणि तिकडे तेलंगणात नलगोंडा जिल्ह्यातही एक चांदूर आहे.

यातल्या 'रेल्वे'चा उलगडा सोपा आहे. १८६७ साली जीआयपी कंपनीची आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. या मार्गावर जे चांदूर आले ते चांदूर रेल्वे झाले. जिथे मोठा बाजार भरे ते चांदूर बाजार. 'चांद' हा शब्दही आपल्याला परका नाही. उरतो तो शेवटचा 'ऊर'. हा कुठला? त्याचा अर्थ काय? आज या एवढ्याशा दोन अक्षरांविषयीच बोलायचे आहे. कारण या 'ऊर'चा माग काढायला गेले, की माणूस वऱ्हाडातून निघतो आणि तेलंगण, इराक, जर्मनी, हंगेरी असा फिरून पुन्हा वऱ्हाडातच येतो. आणि येताना एक शहाणपण घेऊन येतो.

मराठी माणसाला 'ऊर' म्हटले की छाती आठवते. आनंदाने आपला ऊर भरून येतो, धावून धावून ऊर फुटतो, दुःखात माणूस ऊर बडवून घेतो. आई लेकराला उराशी धरते आणि नको असलेले काम उरावर बसते. हा ऊर संस्कृत 'उरस्' या शब्दापासून आला. पण संस्कृतातच त्याला दोन शेजारी आहेत. ऱ्हस्व 'उरु' म्हणजे विशाल, रुंद. त्यावरूनच पृथ्वीला 'उर्वी' हे नाव मिळाले. आणि दीर्घ 'ऊरु' म्हणजे मांडी. भासाच्या 'ऊरुभंग' नाटकात भीमाची गदा दुर्योधनाच्या मांडीवर पडते, छातीवर नव्हे. म्हणजे एकाच भाषेत, एका मात्रेच्या फरकाने, छाती, विस्तार आणि मांडी असे तीन अर्थ झाले.

आता जरा दक्षिणेकडे वळू. चांदूरहून नागपूरकडे निघाले की वाटेत वर्धा लागते. तिथून एक फाटा बल्लारशामार्गे तेलंगणात उतरतो. तिकडे नव्या माणसाची चौकशी 'मीदी ए ऊरु?' अशी होते. मराठी माणूस क्षणभर गोंधळेल. पण विचारणारा छातीची नव्हे, गावाची चौकशी करीत असतो. तेलुगूत आणि कन्नडमध्ये 'ऊरु', तमिळमध्ये आणि मल्याळममध्ये 'ऊर', म्हणजे गाव. गुंटूर, नेल्लूर, चित्तूर, तंजावूर या नावांच्या शेवटी जो 'ऊर' ऐकू येतो, तो असा. या चारही भाषा द्राविड कुळातल्या. एका घरातल्या बहिणी म्हटल्या तरी चालेल. त्यामुळे त्यांच्यात हा शब्द सारखा असावा यात नवल नाही.

आणखी पुढे गेले की मात्र मजा सुरू होते. जर्मन माणूस घड्याळाला 'ऊर' म्हणतो. 'आठ वाजले' हे सांगतानाही तो आठच्या पुढे 'ऊर' लावतो, फक्त शेवटचा 'र' त्याच्या तोंडात जवळजवळ विरून जातो. त्याच जर्मन भाषेत शब्दाच्या आधी 'ऊर' लावला की अर्थ होतो आद्य, मूळचा. हंगेरीत 'ऊर' म्हणजे मालक किंवा साहेब. तिथे आडनावापुढे 'ऊर' लावतात, जसे आपण 'देशमुख साहेब' म्हणतो. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरात बास्क नावाची भाषा बोलतात. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही भाषेशी तिचे नाते आजवर सिद्ध झालेले नाही. तिच्यात 'उर' म्हणजे पाणी. हिब्रू भाषेत 'ऊर' म्हणजे आग, ज्वाला. आणि इराकच्या दक्षिणेला 'ऊर' नावाचे चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीचे एक वैभवशाली नगरच होते. लिओनार्ड वूली या ब्रिटिश संशोधकाने १९२२ ते १९३४ या काळात तिथे उत्खनन केले.

छाती, मांडी, गाव, घड्याळ, साहेब, पाणी, आग. एकच आवाज आणि इतके अर्थ! माणसाच्या तोंडातून निघू शकणारे ध्वनी मोजके. त्यातून लहान शब्द तर थोडेच बनणार. जगात भाषा मात्र हजारो. तेव्हा एकच छोटा शब्द दहा ठिकाणी दहा अर्थांनी भेटला, तर तो योगायोगच समजायचा. छातीचा घड्याळाशी काही संबंध असेल असे कुणी म्हणत नाही.

घोटाळा होतो तो आवाजाबरोबर अर्थही जुळला की. इराकमधल्या त्या ऊर नगरात सुमेरी भाषा बोलत. सुमेरी भाषेत 'नगर' या अर्थाचा एक शब्द आहे. विद्वानांनी तो पूर्वी 'उरु' असा वाचला. मग काय विचारता! तमिळमध्ये ऊर म्हणजे गाव, सुमेरीत उरु म्हणजे नगर. शिवाय उरच्या राजघराण्याच्या थडग्यांत सिंधू संस्कृतीकडून गेलेले तांबड्या अकीकाचे मणी सापडलेले. मेसोपोटेमियाच्या लेखांत 'मेलुह्हा' देशाच्या जहाजांचा उल्लेख, आणि हा मेलुह्हा म्हणजे सिंधूचा प्रदेश असे बहुतेक संशोधक मानतात. इतके धागे हाती आल्यावर सुमेरी आणि द्राविड एकच, असे अनेकांनी छातीठोकपणे सांगून टाकले.

पण जरा थांबून पाहू. मणी गेले, जहाजे गेली, व्यापार होता, हे खरे. परंतु व्यापार असणे वेगळे आणि भाषा एका घरातल्या असणे वेगळे. दुसरे असे, की सुमेरी लिपीतील त्या चिन्हाचा उच्चार 'इरी' असा असावा, असे आता पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या साम्यावर इमारत उभी केली, तो पायाच सरकला. तिसरे, ऊर या नगराचे सुमेरी नाव 'उरिम' होते. 'नगर' या शब्दाहून ते निराळेच. एका शब्दाच्या आधारावर भाषांची सोयरीक जुळवली की असे होते. आपल्याकडेही व्हॅटिकन म्हणजे 'वाटिका' असे सांगणारी पुस्तके निघाली आणि चवीने वाचली गेली. कान खूश झाला, एवढाच त्याचा अर्थ.

मग भाषांचे खरे नाते ओळखायचे कसे? आपल्या रोजच्या वापरातला एक शब्द घेऊ : 'बदनाम'. हा फारसीतून आला. त्याचा पहिला भाग 'बद', म्हणजे वाईट. इंग्रजीतही 'बॅड' म्हणजे वाईट. आवाज जवळचा, अर्थ तोच, तरी या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तो निव्वळ योगायोग. दुसरा भाग 'नाम'. फारसीतला 'नाम', संस्कृतातला 'नामन्' आणि इंग्रजीतला 'नेम' हे मात्र खरेच सख्खे. एकाच शब्दाचा अर्धा भाग योगायोगाचा आणि अर्धा रक्ताच्या नात्याचा. नुसत्या कानाला हे कळणार नाही.

दुसरे उदाहरण त्याहून नामी आहे. आपला 'ऊर' आणि जर्मनांचा घड्याळवाला 'ऊर' ऐकायला सारखे, पण परके. मात्र त्या जर्मन 'ऊर'चा एक खरा नातेवाईक आपल्या घरात आहे. कोण, तर 'होरा'! ग्रीक भाषेत 'होरा' म्हणजे वेळ, ऋतू. तो शब्द लॅटिनमध्ये गेला, तिथून युरोपच्या भाषांत पसरला. इंग्रजीत त्याचा 'अवर' झाला, जर्मनमध्ये 'ऊर'. तोच ग्रीक शब्द ज्योतिषाबरोबर भारतात आला आणि संस्कृतात 'होरा' म्हणून रुळला. वराहमिहिराने तो वापरला आणि आपण आजही 'त्याचा होरा चुकला' असे म्हणतो. तेव्हा सारखे दिसणारे परके निघाले आणि वेगळे दिसणारे सगे निघाले.

हे ठरवण्याची रीत गेल्या दोन-अडीचशे वर्षांत घडत गेली. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मुळातून निघाल्या असाव्यात असे मांडले. १८१६ मध्ये मद्रासला फ्रान्सिस एलिस यांनी दक्षिणेच्या भाषांचे कूळ वेगळे असल्याचे दाखवले. १८५६ मध्ये रॉबर्ट कॉल्डवेल यांनी त्या द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण लिहिले. रीत अशी, की एक शब्द पाहायचा नाही, शब्दांच्या रांगा पाहायच्या. संस्कृतातल्या 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' येतो का? पितृ-फादर, पाद-फूट, पंच-फाइव्ह. असा बदल शिस्तीने, पुन्हा पुन्हा दिसला तरच नाते मानायचे.

हीच कसोटी घेऊन आता चांदूरला परत येऊ.

प्राकृतातून मराठीकडे येताना संस्कृत शब्दांची झीजही शिस्तीने झाली. दोन स्वरांमध्ये सापडलेला 'प' बहुधा टिकला नाही. कपाटाचे कवाड झाले, दीपाचा दिवा झाला, गोपालाचा गोवळ झाला. आणि 'प'च्या पुढे 'उ' असला की तो पार नाहीसा झाला. पायातल्या 'नूपुरा'चे प्राकृतात आणि जुन्या मराठीत 'नेउर' झाले. इथे 'पुर'चा 'उर' होताना आपण डोळ्यांनी पाहतो. याच रीतीने 'चंद्रपुर' किंवा 'चांदपुर' झिजून 'चांदूर' होऊ शकते. अशी झीज गावांच्या नावांत नेहमीची आहे. 'नगर' झिजून 'नेर' झाले आणि संगमनेर, अमळनेर ही नावे तयार झाली, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

पण दुसरी वाटही आहे. महाराष्ट्रात द्राविड भाषांची वस्ती जुनी आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लत्तलूर' या श्रेष्ठ नगराचे स्वामी म्हणवीत. हे लत्तलूर म्हणजे आजचे लातूर, असे मानले जाते. त्यांच्या संस्कृत बिरुदात 'लत्तलूर'च्या पुढे आणखी 'पुर' जोडलेले आहे. याचा अर्थ 'ऊर' हा त्या नावाचाच भाग होता, तो 'पुर'ची झीज म्हणून कुणी पाहत नव्हते. तसाच गाववाचक द्राविड 'ऊर' चांदूरमध्ये असणेही ध्वनीच्या दृष्टीने शक्य आहे. नलगोंड्याचे चांदूर तर तेलुगू मुलखातच आहे.

दोन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी येतात. पहिली धरली तर 'पुर', दुसरी धरली तर 'ऊर', अर्थ वस्तीचाच. पण वंशावळ अगदी निराळी. संस्कृत 'पुर' आणि ग्रीक 'पोलिस', म्हणजे नगर, हे एका मुळातले शब्द आहेत, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्या 'पोलिस'वरूनच राज्यकारभार या अर्थाचा शब्द तयार झाला आणि पुढे आपला 'पोलीस'. म्हणजे नागपुरातला 'पूर' आणि तिथल्या चौकातला पोलीस लांबचे भाऊबंद ठरतात! उलट दुसरी वाट धरली तर चांदूरचे नाते गुंटूर-नेल्लूरशी जुळते. नुसत्या आजच्या नावाकडे पाहून यातली एक वाट निवडता येत नाही. त्याला जुना लेख लागतो, आणि तोही कोणत्या लिपीतला हे पाहावे लागते. फारसी लिपीत 'चांदूर' आणि 'चांदोर' एकसारखेच लिहिले जाते.

जुना लेख काय करू शकतो, याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. अचलपूरला पूर्वी एलिचपूर म्हणत. ईल नावाच्या राजाने ते वसवले म्हणून एलिचपूर, अशी कथा सर्वतोमुखी होती. पण तिवरखेडला सापडलेल्या नन्नराजाच्या ताम्रपटात 'अचलपुर' हेच नाव आहे. मग 'अचल'चे 'एलिच' कसे झाले? याचे उत्तर बाराव्या शतकात गुजरातेतल्या हेमचंद्राने देऊन ठेवले आहे. त्याच्या प्राकृत व्याकरणात खास या एका गावासाठी एक सूत्र आहे : अचलपुरातील 'च' आणि 'ल' यांची अदलाबदल होते. म्हणजे लोक 'अलचपुर' म्हणत होते. त्याचेच पुढे एलिचपूर. वऱ्हाडी माणसाच्या जिभेने केलेल्या अदलाबदलीची नोंद एवढ्या मोठ्या वैयाकरणाने घ्यावी, ही आपल्याला अभिमानाचीच गोष्ट आहे. आणि हा अभिमान पुराव्यावर उभा आहे.

याचा अर्थ कथा टाकून द्याव्यात असा नाही. नाव आधी असते, त्याचा अर्थ विसरला जातो आणि मग ती रिकामी जागा भरायला कथा येते. हे जगभर घडते. बायबलात अब्राहाम 'ऊर' नगरातून निघाला असे आहे. हिब्रूत 'ऊर' म्हणजे आग. त्यामुळे यहुदी परंपरेत, अब्राहामाला धगधगत्या भट्टीत टाकले आणि देवाने त्याला वाचवले, ही कथा या नावाशी जोडली गेली. आपल्या चिखलदऱ्याचेही तसेच. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले, म्हणून कीचकदरा आणि त्याचे चिखलदरा, असे सांगतात. पावसाळ्यात तिथे गेलेल्या माणसाला 'चिखल' आणि 'दरा' हे दोन शब्द पुरेसे वाटतील. कथा लोकांच्या श्रद्धेविषयी सांगते आणि शब्दाची झीज लोकांच्या वस्तीविषयी सांगते. दोन्ही मोलाच्या आहेत. एकीचे काम दुसरीला सांगू नये, इतकेच.

हे सारे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण आहे. गावाच्या नावाची व्युत्पत्ती हल्ली फार लवकर मालकीच्या भांडणात उतरते. नाव संस्कृत ठरले की गाव आमचे, द्राविड ठरले की तुमचे. वऱ्हाडाला हे भांडण शोभत नाही. एका दिवसाच्या प्रवासात भाषांची चार कुळे भेटतील असा हा मुलूख आहे. वऱ्हाडी मराठी आर्य कुळातली. यवतमाळकडची कोलामी आणि गोंडी द्राविड कुळातली. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, तिचे सगे झारखंडच्या संथाळी-मुंडारीत आणि लांबून पार कंबोडियाच्या ख्मेर भाषेत. आणि जळगाव जामोदच्या बाजूला निहाली, जिचे बास्कप्रमाणेच कुणाशी नाते सापडलेले नाही. ती बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार असावेत, असे अभ्यासक सांगतात.

आपल्या 'ऊर'सारखे कितीतरी शब्द या भाषांच्या सीमेवर उभे आहेत. आपली 'नार' म्हणजे स्त्री, गोंडीत 'नार' म्हणजे गाव. आपल्याकडे भाकरीची कोर आणि चंद्राची कोर, तर कोरकूत 'कोर' म्हणजे माणूस. त्याला 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय लागून 'कोरकू', म्हणजे माणसे. त्या लोकांनी स्वतःला दिलेले नाव एवढे साधे आहे. ज्याला ती भाषा ठाऊक नाही, तो त्या 'कोर'चा अर्थ मराठीतून लावील आणि एका समाजाच्या नावाची चंद्रकोर करून ठेवील. शेजाऱ्याची भाषा आपल्या कानाने ऐकली की असा अन्याय नकळत होतो.

गावांची नावे निदान नकाशावर टिकतील. खरा धोका लहान नावांना आहे. प्रत्येक गावच्या शिवारात वावरांना, नाल्यांना, टेकड्यांना, पांदणींना नावे असतात. उजाड झालेल्या रिठांना नावे असतात. सातबारावर त्यांच्या जागी गट नंबर आले. नंबर मोजणीला सोयीचा, पण त्याला व्युत्पत्ती नसते. ही नावे आज ज्यांच्या तोंडी आहेत, ती माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत. एखाद्या नाल्याच्या नावात 'पुर' झिजून बसला आहे, 'ऊर' दडला आहे की कोरकूतला एखादा शब्द, हे पुढे कुणाला तपासायचे झाले, तर आधी ते नाव तरी लिहिलेले हवे.

एखाद्या शाळेने, वाचनालयाने हे काम हाती घेतले तर एका उन्हाळ्यात एका गावचे शिवार लिहून होईल. म्हातारी माणसे जसा उच्चार करतात तसाच लिहावा, तो 'शुद्ध' करू नये. अर्थ सांगितला तर तो वेगळ्या रकान्यात नोंदवावा. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख टाकावी. हेमचंद्राने 'अलचपुर' हा उच्चार चुकीचा म्हणून गाळला असता, तर एलिचपूरचे कोडे आपल्याला कधीच सुटले नसते.